थोरल्याचं इंजिन, धाकट्याची केबिन

रविवारी सकाळी आठ वाजता भाड्याच्या टेंपोतून इंजिन आलं. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा रिकामी होती, पण थोरला मागे उघड्यावर, इंजिनाला हात लावून बसला होता. हेच इंजिन गेले सहा महिने त्याच्या हार्डवेअरच्या दुकानामागे, गंजून गळालेल्या पिकअपमध्ये पडून होतं आणि त्याने त्यावर साधं फडकंही टाकलं नव्हतं. ते धाकट्याच्या गाडीत जाणार असं ठरलं त्या दिवसापासून मात्र त्याला त्याची भलतीच माया आली होती.

“सांभाळून उतरव,” तो मधल्या बहिणीला म्हणाला. “बाबांची शेवटची निशाणी आहे ती.”

“निशाणीचं ऑइल कधी बदललं होतंस?”

“झाली का तुझी सुरुवात सकाळी सकाळी?”

मधलीने साखळी सोडली. बाबा गेल्यापासून त्यांची गॅरेजची शेड तीच चालवत होती. तिच्या हाताखालून गेलेल्या गाड्या पुन्हा लवकर शेडचं तोंड पाहत नसत, आणि धंद्याच्या दृष्टीने हा तिच्यातला मोठा दोष आहे असं थोरल्याचं म्हणणं होतं.

धाकटा शेडच्या दुसऱ्या टोकाला आपल्या पिकअपची काच पुसत उभा होता. काचेला काही झालं नव्हतं. केबिनला काही झालं नव्हतं. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा त्याने अजून काढलं नव्हतं. फक्त आतलं पेट्रोलचं इंजिन त्याने स्वतःच्या हाताने मारलं होतं. समोर लाल दिवा लागला तेव्हा त्याचा डोळ्यांना त्रास होतो म्हणून त्याने त्यावर चिकटपट्टी लावली आणि दोन आठवडे सुखाने गाडी चालवली.

“ताई,” तो काच पुसता पुसता म्हणाला, “तुझ्या भावाला सांग, माझ्या गाडीला टेकून उभं राहायचं नाही.”

“तुझ्या भावाला सांग,” थोरला म्हणाला, “मला हौस नाही.”

दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं. मधलीने कुणालाच काही सांगितलं नाही. चार वर्षं सांगून तिचा घसा बसला होता.

चार वर्षांपूर्वी थोरल्याने बाबांची जुनी पिकअप मागे घेताना धाकट्याच्या आठ दिवसांच्या नव्या गाडीला धडक दिली आणि डाव्या दारावर परातीएवढा खळगा पाडला. थोरला म्हणाला, “तिथे लावलीस कशाला?” धाकटा म्हणाला, “डोळे फुटले होते का?” भांडण म्हणायचं ते एवढंच. पण घराण्यात दुसरं काही जपून ठेवण्यासारखं नसल्यामुळे दोघांनी ते जिवापाड जपलं. मधलीने खळगा फुकट काढून द्यायची तयारी दाखवली तेव्हा धाकटा म्हणाला की तो पुरावा आहे.

तरी एका बाबतीत दोघांचं एकमत होतं. शेड आईच्या नावावर होती, ती विकावी आणि आपापल्या वाट्यात एकेक नवी कोरी पिकअप घ्यावी. हे एकमतही त्यांनी एकमेकांना मधलीमार्फतच कळवलं होतं. जिच्या पोटावर पाय येणार तिच्याच हाती निरोप देताना दोघांनाही काही वाटलं नाही.

आईने दोन महिने मूग गिळून ऐकलं आणि मग तिघांना बोलावून अट घातली. तुमच्याकडे दोन मेलेल्या गाड्या आहेत. एकीचं इंजिन चांगलं आहे, दुसरीची केबिन. तिघं मिळून दोन्हींची एक करा. रविवारी पाच वाजेपर्यंत ती स्वतःच्या जोरावर शेडबाहेर आली, तर शेड राहील आणि मधली तिथे काम करेल. नाही आली, तर मी सही करते.

कामाचे वाटेही तिनेच पाडले. इंजिन काढून त्याचं माप द्यायचं थोरल्याने. पुढची जागा मोकळी करून तिचं माप द्यायचं धाकट्याने. बसवायचं मधलीने. “आणि कुणी कुणाचं काम तपासायचं नाही,” आई म्हणाली. “चार वर्षं तेवढंच केलंत.”

थोरल्याने कागदावर लिहून दिलं, इंजिनाची लांबी सव्वीस इंच. धाकट्याने लिहून दिलं, जागा एकतीस इंच. पाच इंच शिल्लक. मधलीने त्या मापाने इंजिनाचे पाय जिथे बसणार त्या पट्ट्या बनवल्या, शनिवारी संध्याकाळी गाडी आली तशा सांगाड्यावर वेल्ड केल्या, आणि टेप खिशातच ठेवली. आईला शब्द दिला होता. शिवाय भाऊ होते, सख्खे.

बारा वाजेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. आई दाराजवळ स्टुलावर बसली होती. थोरली वहिनी डबे घेऊन आली आणि नाकाला पदर लावून उभी राहिली. अकरालाच शेडचा सौदा जुळवणारा दलालही आला होता, पाचची वेळ दिलेली असून. पांढरी पँट घालून तो टायरवर बसला, आणि टायरने आपलं काम केलं.

मधलीने चेन पुलीवर इंजिन उचललं, गिअरबॉक्ससकट तिरकं करून पुढून आत सोडलं, बोटभर बोटभर खाली घेतलं. दोन्ही पाय पट्ट्यांवर बसले, बोल्ट सरळ आत गेले. तिच्या जिवात जीव आला. बाबांनी तीनदा उघडून पुन्हा बांधलेलं इंजिन होतं ते, आणि तिन्ही वेळा पाने तिनेच हातात दिले होते. मग तिने पंखा लावला आणि रेडिएटर उचलून जागेवर ठेवायला गेली.

रेडिएटर बसेना. दीड इंच कमी पडत होतं. पंख्याची पाती थेट जाळीत घुसत होती.

मधलीने रेडिएटर खाली ठेवला आणि खिशातली टेप काढली. आता तपासायला हरकत नव्हती, तपासण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

“दादा, सव्वीस इंच कुठून कुठवर मोजलेस?”

“मागून पुढपर्यंत.”

“पंखा धरून?”

“पंखा मी आधीच काढला होता. पंखा म्हणजे काय इंजिन आहे?”

“आणि तू? एकतीस इंच?”

“पूर्ण पुढच्या जाळीपर्यंत,” धाकटा अभिमानाने म्हणाला. “माझ्या गाडीत जागा भरपूर आहे. तुझ्या भावाच्या खटाऱ्यासारखी नाही.”

“रेडिएटर कुठे बसतो मग? तुझ्या मांडीवर?”

धाकट्याने रेडिएटरकडे असं पाहिलं, जणू ही वस्तू घरात कोण घेऊन आलं.

एकाने आपलं इंजिन सुटसुटीत आहे हे दाखवायला पंख्याचे चार इंच गाळले होते. दुसऱ्याने आपली गाडी ऐसपैस आहे हे दाखवायला रेडिएटरचे अडीच इंच गिळले होते. खोटं कुणीच बोललं नव्हतं. दोघांनी फक्त आपापली शान मोजली होती, आणि ती नेहमीप्रमाणे इंजिनात बसत नव्हती.

“होईल,” मधली म्हणाली. “पंख्याच्या मागे इंचभर जाडीची एक चकती आहे. ती काढली की पंखा इंचभर मागे जाईल. आणि इंजिनामागचा केबिनचा पत्रा थोडा कापला, तर अख्खं इंजिन इंचभर मागे सरकेल. मिळून दोन इंच. अर्धा इंच मोकळा राहतो. एक इंच दादाचा, एक इंच तुझा.”

एवढा सरळ न्याय त्या घरात कधी झाला नव्हता. साहजिकच तो कुणालाच पटला नाही.

“चकती निघणार नाही,” थोरला म्हणाला. “बाबांच्या हातची वस्तू आहे ती.”

अशी काही चकती आहे हे त्याला पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं. शिवाय ती बाबांच्या हातची नव्हतीच. मधलीने एकोणिसाव्या वर्षी लेथवर काढलेली ती पहिली वस्तू होती. ते आत्ता सांगून उपयोग नव्हता.

“पत्र्याला ग्राइंडर लागला तर माझ्याशी गाठ आहे,” धाकटा म्हणाला. “त्याची चकती काढ, वाटल्यास दोन काढ.”

“त्याचा पत्रा दोन इंच काप,” थोरला म्हणाला. “पत्राच तर आहे.”

“दोन चकत्या नाहीत, आणि दोन इंच कापलं तर गिअरचा दांडा जागेवर येत नाही.” मधलीचा पारा चढायला लागला. “मापं तुम्ही दिलीत. दोघांनी.”

दलालाने घड्याळ पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं. थोरल्याने एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मग त्याला सुचलं.

“एक मिनिट. गॅरेज कुणाचं? टेप कुणाच्या खिशात होती? मी हार्डवेअर विकतो. मला काय कळतं पंख्यातलं? हिने एकदा मोजून बघायला नको होतं?”

“मी तेच म्हणतोय,” धाकटा पटकन म्हणाला. “तेच म्हणतोय मी, दादा.”

दादा. चार वर्षांत त्या तोंडातून तो शब्द आला नव्हता. थोरला चपापला. धाकटाही आपल्याच तोंडाकडे बघता आलं तर बघावं असा उभा राहिला. पण शब्द बाहेर पडला होता, आणि खापर फोडायला समोर डोकंही आयतं होतं.

“माणूस एवढी वर्षं धंदा करतो,” थोरला घसा खाकरून थेट धाकट्याला म्हणाला, “आणि साधं माप घेत नाही.”

“आणि वर आपल्यालाच विचारते, कुठून कुठवर मोजलंस!”

“बाबांनी लाडावून ठेवलं तिला.”

“पहिल्यापासून, दादा.”

“चहा घेणार का तू?”

“चल. कोपऱ्यावर बरा मिळतो.”

आणि दोघं निघाले. दाराबाहेर पडताना थोरल्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. मधली ग्रीसने माखलेल्या हातात टेप धरून बघत राहिली. चार वर्षं ती या दोघांची टपालपेटी झाली होती, आणि पेटीची गरज संपल्यावर दोघांनी पहिलं काम तिला लाथ मारण्याचं केलं होतं.

आई रडत होती. पदराला डोळे पुसत होती आणि मध्येच हसत होती.

“बोलले गं,” ती म्हणाली. “तू ऐकलंस ना? दादा म्हणाला त्याला.”

“ऐकलं.”

“ह्यांच्या मागे मी हेच मागत होते. बाकी काही नको होतं मला.” आईने दाराबाहेर पाहिलं, मग टायरवरच्या दलालाकडे, आणि आवाज खाली आणला. “मी काय म्हणते, आता ते दोघं एक झालेत... त्यांच्या मनासारखं झालं तर तसेच राहतील. नाहीतर पुन्हा फिसकटायचं. तुझं काय, तुझ्या हातात कला आहे. तू कुठेही काम करशील. पेन आहे का हो तुमच्याकडे?”

दलालाकडे तीन पेनं होती.

मधलीला वाईट वाटलं. भावांचं नाही, त्यांच्याकडून तिने तशीही फार आशा धरली नव्हती. आईचं वाटलं. दोन पोरांची गट्टी टिकावी म्हणून आई तिची शेड त्यांच्या हातावर ठेवायला निघाली होती, तेही इतक्या आनंदाने की तिच्यावर धड रागावताही येईना. रडावं असं मधलीला फार वाटलं, पण हाताला ग्रीस होतं.

“पाच वाजले?” तिने विचारलं.

“दोन वाजलेत, काकू,” दलाल म्हणाला. “पण सही काय, आधी झाली तरी चालते.”

“आई, तू पाच म्हणाली होतीस.”

आईने पेन हातात धरलं होतं. ती लेकीकडे पाहत राहिली.

“म्हणाले होते,” ती म्हणाली, आणि पेन मांडीवर ठेवलं. परत मात्र दिलं नाही.

मधलीने चेन पुन्हा इंजिनाला लावली. एकटीने इंजिन उचलायचं आणि त्याच वेळी ते डोलू नये म्हणून धरायचं, म्हणजे तीन हात हवेत. ती तिसऱ्या हाताचा विचार करत होती तेवढ्यात वहिनीने पदर खोचला.

“काय धरायचं, वन्सं?”

मधली बघतच राहिली. नव्या पिकअपचा रंगसुद्धा वहिनींनी निवडून ठेवल्याचं तिला माहीत होतं.

“तुम्ही?”

“मी. दोघं भाऊ रोज भेटायला लागले तर बसणार कुठे? माझ्या घरी. चहा कोण करणार? मी. चार वर्षं घरात कशी शांतता होती.” वहिनीने दोन्ही हातांनी इंजिन धरलं. “शेड गेली तर ते दोघं मिळून कसला तरी धंदा काढतील, तुम्हाला सांगते. यांना एकट्याला सांभाळता सांभाळता माझे केस पांढरे झाले. धरलंय मी. ओढा तुम्ही.”

माणसाला मदत कुठल्या कारणाने मिळते याची चौकशी करायची ही वेळ नव्हती. मधलीने साखळी ओढली.

इंजिन वर गेलं. तिने पंखा काढला, मागची चकती काढली, पंखा परत लावला. पट्ट्यांची भोकं पुढेमागे कापून लांब केली. मग गॉगल चढवून ती केबिनखाली शिरली आणि ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या तसा दलाल टायरसकट मागे सरकला. धाकट्याच्या त्या लाडक्या पत्र्यातून वहीच्या पानाएवढा तुकडा निघून खाली पडला. तिथे तिने पत्र्याची खोल पेटी ठोकून बसवली आणि कडेने वेल्ड मारला. कापताना तिला थोडं बरं वाटलं. ते तिने स्वतःशी कबूल केलं आणि पुढच्या कामाला लागली.

इंजिन पुन्हा खाली आलं. साडेतीन. रेडिएटर जागेवर बसला, पंखा हाताने फिरवून पाहिला, मध्ये बोट जात होतं. पाइप, पाणी, ऑइल. पेट्रोलची टाकी तिने शनिवारीच धुऊन डिझेलसाठी तयार ठेवली होती. सव्वाचार. बॅटरी जोडली. बाकीच्या तारांना वेळ नव्हता. दिवे नाहीत, हॉर्न नाही, वायपर नाहीत. आईने फक्त शेडबाहेर म्हटलं होतं, पावसात म्हटलं नव्हतं.

“सेल्फ मारा, वहिनी. किल्ली उजवीकडे.”

वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या त्या बाजूला बसून किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, पेटलं नाही. पुन्हा घरघरलं. लाइनमध्ये हवा होती. मधलीने पंपाचा नट सैल केला, हाताने पंप मारत राहिली, आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. तिने नट आवळला.

“पावणेपाच झाले, काकू,” दलाल म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“पुन्हा मारा.”

घरघर, घरघर, आणि मग एक दणका. काळ्या धुराचा लोट निघून थेट पांढऱ्या पँटवर गेला, आणि इंजिन चालू झालं. आधी लंगडत, मग चारही पायांवर. त्या आवाजाने शेडचे पत्रे हलायला लागले. मधलीने डोळे मिटले. हा आवाज तिने बाबांबरोबर ऐकला होता, आणि आता बाबा हवे होते. त्यांनी कौतुक केलं नसतं. कुठेतरी टिकटिक येतेय म्हणाले असते.

वहिनी उतरली, मधली चढली. सीटवरच्या प्लॅस्टिकवर ग्रीसची पँट टेकवून ती नीट ऐसपैस बसली. पहिला गिअर पडला. गाडी हलली, उंबऱ्यावर अडखळली, आणि पाच वाजायला सहा मिनिटं असताना, बॉनेट नसलेली, खळगा असलेली, स्वतःच्या जोरावर रस्त्यावर आली.

समोरून दोघे भाऊ येत होते. चहा तीन तास चालला होता. हॉर्न नसल्यामुळे मधलीने खिडकीतून मुंडकं काढून “व्हा बाजूला!” असं ओरडून सांगितलं, आणि दोघं एकाच बाजूला उडी मारून एकमेकांवर आदळले.

“माझा पत्रा!” धाकटा पुढे वाकून ओरडला. “कापला! विचारलंसुद्धा नाही!”

“चकती?” थोरला म्हणाला. “चकती कुठाय? बाबांची चकती!”

“ती मी केली होती,” मधली म्हणाली. “बाबांनी फक्त लेथ चालू करून दिला होता. हवी असेल तर आत बाकावर ठेवलीय, घेऊन जा.”

“बघितलंस दादा? बघितलंस हिचं?”

“बघतोय ना. आपण दोघं नव्हतो तेवढ्यात!”

आई हळूहळू चालत दारापर्यंत आली. तिने गाडीकडे पाहिलं, मग दलालाकडे पेन परत दिलं.

“पाच वाजायच्या आत निघाली,” ती म्हणाली. “तुम्हाला उगीच त्रास झाला. पँट थंड पाण्यात भिजवा.”

“आई!” दोघं एकदम म्हणाले. चार वर्षांत एकदम म्हणायची ही पहिलीच वेळ.

“मी सांगितलं होतं ते झालं. आता शेडचं नाव काढायचं नाही.”

दलाल गेला. वहिनी डबे गोळा करायला आत गेली. दोघं भाऊ रस्त्याच्या कडेला उभे राहून बोलायला लागले. ताईचा आगाऊपणा, ताईचं लहानपण, ताईने कधी कधी काय काय केलं, एकाला आठवेना ते दुसऱ्याला आठवत होतं. असे मनापासून बोलत होते की घरी जायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मधलीने इंजिन बंद केलं. आई फुटबोर्डवर पाय देऊन कशीबशी वर चढली आणि तिच्या शेजारी बसली.

“मी सही करणार होते,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“रागावलीस?”

“हो.”

आईने मान हलवली. समजूत घातली नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. दोघी काचेतून भावांकडे बघत बसल्या. थोरला हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि धाकटा टाळी देत होता.

“हे किती दिवस टिकेल गं?” आईने विचारलं.

“मला शिव्या घालून संपेपर्यंत. आठवडाभर.”

आई विचारात पडली. मग तिने पुढे वाकून, बॉनेट नसलेल्या इंजिनाकडे निरखून पाहिलं.

“आणखी काही कापायचं राहिलंय का यात?”

“बॉनेट बसत नाहीये. वरून थोडं कापावं लागेल.”

“कुणाचं आहे ते?”

“धाकट्याचं.”

“मग पुढच्या रविवारी काप,” आई म्हणाली. “आणि थोरल्याचंही काहीतरी बघून ठेव.”